आईचा हिरवा चेहरा

माधव दारात आला की त्याच्या आधी जवसाच्या तेलाचा वास घरात शिरतो. बोटांच्या पेरांत जांभळा, नखांच्या कडेला शेंदरी, कानामागे कुठेतरी निळी रेघ; या धाकट्या भावाला ओवाळायचं तर कुंकवासाठी कोरं कपाळ शोधावं लागतं.

आमच्या नांदेड-लातूरकडं चित्रकाराची परीक्षा एकच होती, माणूस हुबेहूब उतरला का? माधवनं ती परीक्षाच उधळून लावली. जांभळ्या ढेकळांतून त्यानं शेंदरी देवणी बैल चालवले, ज्वारीच्या कणसांवर रक्तवर्ण ऊन ओतलं. आधी हसले तेच चित्रकार पुढं तसं रंगवू लागले आणि आता शाळेतली पोरंही लिंब निळा काढतात. लोक याला धाडस म्हणतात. मला मात्र पहिल्यापासून संशय. सूर लागत नसला की माणूस टाळ जोरात वाजवतो, त्यातलीच ही गत असावी.

आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते, माधव पहिलीत. तिचा एक धड फोटो नाही. तिची मुद्रा या जगात उरली ती आम्हा दोघांच्या स्मृतीत. दाराच्या चौकटीला टेकून माझी वाट बघणारी, गव्हाळ, प्रसन्न. आणि यानं प्रदर्शनात ‘आई’ म्हणून टांगली ती गर्द हिरव्या चेहऱ्याची कुणी बाई. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तुला ती आठवतच नाही आणि ते तू रंगाखाली दडवतोस, असं मी चारचौघांत सुनावलं.

तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, “अक्का, येळवशीला शेतात माय पूजेसाठी कोपीत वाकायची तवा तू भाईर असायचीस. म्या आत बसलेला असायचो.”

मला पटलं नाही. बोलण्यात तो लहानपणापासून पटाईत.

यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, औशाजवळच्या आमच्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे पूजेची खोपी, उभी राहिली, आत पांडव म्हणून पुजायचे चुन्यानं रंगवलेले दगड मांडले, आणि आईनं घातलेल्या रीतीप्रमाणं कोपीवरून हिरवं लुगडं पांघरलं. खरं-खोटं एकदाचं करावं म्हणून मी गुडघे छातीशी घेऊन आत जाऊन बसले. माधवची बायको पूजेचं ताट घेऊन वाकली. लुगड्यातून गाळून आलेलं मार्गशीर्षाचं ऊन तिच्या चेहऱ्यावर उतरलं, आणि तो चेहरा हिरवा झाला, गालाखाली चित्रातल्यासारखाच गडद.

माधव खोटं बोलत नव्हता. त्याचा आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. त्या दिवसापासून डोळे मिटले की ती हिरवी बाई समोर येते. चौकटीला टेकलेली गव्हाळ आई कितीही बोलावली तरी येत नाही. त्याची आई भिंतीवर राहील, आमच्यामागंही लोक तिला बघतील. माझ्या आईला जपायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी तिला त्या कोपीत विसरून आले.