दिवस बुडायच्या आत हुग्गी

बाहुबली शेटे म्हणजे कबनूरचा, आठ यंत्रमागांचा मालक, वय त्रेचाळीस, आणि सायकलचं खूळ डोक्यात शिरल्यापासून निम्म्या गावाच्या मते कामातनं गेलेला माणूस. खूळ तरी साधं असावं? कोल्हापुरातलं एक सायकल मंडळ दर डिसेंबरात एक फेरी काढायचं. पहाटे पाचला कोल्हापूर सोडायचं, बेळगाव ओलांडून कित्तूरच्या अलीकडच्या ढाब्यावर कार्डावर शिक्का मारून घ्यायचा आणि रात्री नऊच्या ठोक्याआधी परत यायचं. तीनशे किलोमीटर, सोळा तास. बक्षीस काय, तर एक पितळी बिल्ला. त्या बिल्ल्यासाठी हा गडी दोन वर्षं झुरत होता.

अडचण पायांची नव्हती, पोटाची होती. सातव्या वर्षी बाहुबलीनं जैन मुनिमहाराजांपुढं हात जोडून नियम घेतला होता, की दिवस बुडाल्यावर तो परत उगवेपर्यंत अन्न तोंडात घालणार नाही. खरं सांगायचं तर नियम घेणाऱ्या पोरांना मूठमूठ बदाम मिळत होते म्हणून घेतला होता. पण घेतला तो घेतला. लग्नकार्यात, प्रवासात, स्वतःच्या वरातीतसुद्धा त्यानं तो पाळला. पाणी चालायचं, बाकी काही नाही. आणि सायकलवर सोळा तास काढायचे म्हणजे पोटात सतत काहीतरी पडावं लागतं, नाहीतर पाय जागच्या जागी संप करतात.

मागच्या वर्षी तेच झालं. परतताना संकेश्वरात दिवस कलला, आता पुढं उपासच म्हणून या महाभागानं मावशीच्या घरी बसून सहा पुरणपोळ्या तुपात बुडवून हाणल्या. टाकी भरली की गाडी पळते, एवढाच त्याचा विचार. दहा किलोमीटरवर पोट नगाऱ्यासारखं फुगलं, सहाच्या सहा पोळ्या रस्त्याकडेला परत आल्या आणि बाहुबली गवतावर आडवा झाला. तोवर अंधार पडलेला. बरोबर प्रसेनजीत होता, मुरगूडच्या शाळेत खेळाचे सर, बाहुबलीचा जीवाभावाचा दोस्त. त्यानं खिशातलं केळं सोलून पुढं धरलं आणि म्हणाला, इथं कोण बघतंय.

"मी बघतोय की," बाहुबली म्हणाला.

मग दोघं एका भाजीच्या टेम्पोत, कोबीच्या ढिगावर बसून घरी आले. प्रसेनजीतच्या पायात अजून शंभर किलोमीटरचा दम होता, पण दोस्ताला सोडून तो गेला नाही. कागल आल्यावर एवढंच बोलला, "पुढच्या साली एकदा येतो. परत कोबीवर बसायची पाळी आली, तर तुझी सायकल तू, माझी मी." प्रसेनजीत बोलला की करतो, हे बाहुबलीला पक्कं ठाऊक होतं. बिल्ला गेला तर एक वेळ चाललं असतं, पण रविवारी पहाटे प्रसेनजीतशिवाय सायकल काढायची, हे त्याला सोसणारं नव्हतं.

वर्षभर प्रसेनजीतनं मन लावून अभ्यास केला. इंटरनेट कॅफेत बसून त्यानं शोधून काढलं की पोटाला तासाला ठरावीकच पचतं, त्याच्यावर घातलं की ते उलटतं. म्हणजे थोडं थोडं, दिवसभर, भूक असो वा नसो. त्यासाठी त्यानं शाळेतली शिट्टी आणली. दर अर्ध्या तासाला शिट्टी, शिट्टी वाजली की एक घास. चंदनावहिनींनी, म्हणजे बाहुबलीच्या बायकोनं, हँडलला बांधायची पिशवी शिवून दिली. तिच्यात राजगिऱ्याचे लाडू, खजूर, चिक्की आणि शेंगापोळीचे चतकोर. सरावाला दोघं मागांच्या शेडमागं घिरट्या घालायचे, आणि मागांच्या खडखडाटातनंही शिट्टी ऐकू आली की कामगार हसत म्हणायचे, शेटजींची घास खायाची वेळ झाली.

शेवटचा घास सगळ्यात मोलाचा होता. दिवस बुडणार सहाला, त्याच्यापुढं पाण्यावर काढायचे जवळजवळ चाळीस किलोमीटर. म्हणून ठरलं, की परतताना पावणेसहाला निपाणीत बाहुबलीच्या थोरल्या बहिणीकडं, आक्काकडं थांबायचं आणि एक वाटी हुग्गी खायची. खपली गव्हाची खीर, गूळ, खसखस, वर दूध. हळूहळू पचणारी, रात्रीपर्यंत पुरणारी. आक्कानं फोनवर फक्त वाटी केवढी, एवढंच विचारलं.

फेरीचा दिवस उजाडला आणि दोघं वाऱ्यावर स्वार झाले. काय ते चालवणं, काय त्या शिट्ट्या. निपाणी मागं गेली, संकेश्वर गेलं, उतारावर प्रसेनजीत हात सोडून पोवाडे म्हणू लागला. शिट्टी वाजली की चिक्की, शिट्टी वाजली की खजूर. बारा वाजायच्या आत कित्तूरजवळचा शिक्का कार्डावर पडला तेव्हा दोघांनी एकमेकांना मिठी मारली, आणि ढाब्याचा मालक यांना काही झालंय का म्हणून बघत राहिला.

घोटाळा झाला बेळगावात. आक्काला वाटलं, आपला भाऊ एवढा येतोय, तर चुलतीला न कळवणं बरं दिसत नाही. परतताना बघतात तर हायवेच्या कडेला चुलती, तिची तीन मुलं, दोन सुना, शेजारपाजार आणि एक हार. घरात पानं वाढलेली. आता वाढलेल्या पानावरनं तोंड फिरवून जायचं, हे शेटे घराण्यात सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. बाहुबली बसला. एक घास, एक घास म्हणत बसला. साकु, साकु, म्हणजे पुरे, पुरे म्हणत ताटावर हात आडवा धरत होता, पण पाहुण्याचं साकु त्या मुलखात कोण मनावर घेतो? प्रसेनजीतनं दारात उभं राहून तीनदा शिट्टी फुंकली. चौथ्यांदा फुंकणार तेवढ्यात चुलतीनं त्याच्या तोंडात बेळगावी कुंद्याची वडी घातली आणि सरही खाली बसले. पन्नास मिनिटं गेली.

संकेश्वरला पोचायला पाच वाजले. पिशवीत आता उरले होते शेंगापोळीचे तुकडे, तेही घामानं भिजलेले. निपाणी पंचवीसएक किलोमीटर, वाटेत तवंदीचा घाट. प्रसेनजीतनं मोबाईलवरनं आक्काला सांगितलं की वेळेत पोचणं होत नाही. आक्का म्हणाली, तुम्ही चालवा. आणि फोन ठेवला.

घाटाच्या पायथ्याला आले तेव्हा सूर्य डोंगरामागं गेला. उसाच्या फडांवर सावली पसरली. बाहुबलीनं पाय खाली टेकले. संपलं म्हणाला. यापुढं पाण्यावर पाय चालणार नाहीत, तू जा, कोबीवर मी एकटा बसतो, असंही म्हणाला. प्रसेनजीतनं बोट वर केलं. डोंगरमाथ्यावरच्या झाडांचे शेंडे अजून पिवळेधमक होते.

"खाली बुडालाय," तो म्हणाला, "वर अजून हाय. चल."

मग जे काय झालं ते त्या घाटानं कधी बघितलं नसेल. दोन अर्धे म्हातारे गडी सूर्याला गाठायला चढण चढत होते. वळणागणिक उजेड वर सरकायचा आणि हे त्याच्या मागं. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं हाळी दिली, कुणाचं काय चोरलंय रं. बाहुबलीला हसू आवरेना, हसताना दम लागायचा, दम लागला की आणखी हसू यायचं. शेवटच्या वळणावर ऊन एकदम अंगावर आलं. आणि त्या उन्हात, दाजींच्या स्कूटरजवळ, मांडीवर पितळी डबा घेऊन आक्का बसली होती. साठीची बाई, हुग्गी सांडू नये म्हणून निपाणीपासून डबा पोटाशी धरून मागल्या सीटवर आली होती.

सूर्य दोन बोटं उरला होता. आक्कानं वाटी भरली. प्रसेनजीत म्हणाला सावकाश, पोळ्या आठव. बाहुबली सावकाश खाऊ लागला, आणि त्या हुग्गीची चव काय सांगावी, पहिला चमचा पोटात गेला तसं त्याला आपल्याला पाय आहेत हे परत आठवलं. गूळ, वेलदोडा, कोमट दूध. तो डोळे मिटून खात राहिला. पश्चिमेला सूर्याची कड बारीक झाली, आणखी बारीक झाली, गेली. बाहुबलीनं डोळे उघडले नाहीत. हातात भरलेला चमचा होता, वाटीत अजून निम्मी हुग्गी होती.

"अजून दिसतोय की," तो डोळे न उघडताच म्हणाला.

आक्का दुसरीकडं बघू लागली. बहिणीचं काळीज, ती कशाला बोलते. दाजी स्कूटर पुसू लागले. तेवढ्यात शिट्टी वाजली, लांब, मैदानात खेळ संपल्यावर वाजते तशी. प्रसेनजीतनं पुढं होऊन त्याच्या हातातला चमचा काढून घेतला आणि वाटी आक्काकडं दिली.

"बुडाला, मर्दा," तो म्हणाला. "आता तू बघत न्हाईस, तर मी बघतोय."

बाहुबली त्याच्याकडं बघतच राहिला. बायकोपुढं, आईपुढं, कुणापुढं तो कधी एवढा ओशाळला नव्हता आणि एवढा सुखावलाही नव्हता. डोळे पुसून त्यानं टांग मारली.

निम्मी वाटी पुरली. निपाणी, कागल, आणि मग कोल्हापूरचे दिवे. कार्डावर शेवटचा शिक्का पडला तेव्हा नऊला सहा मिनिटं कमी होती. मंडळानं मटण आणि पांढरा रस्सा ठेवला होता. प्रसेनजीतनं तिकडं बघितलंही नाही. आक्काचा डबा त्यानं कॅरियरला बांधून आणला होता. बिल्ला छातीला लावलेल्या बाहुबलीसमोर मांडी घालून बसला आणि एकेक चमचा खात, आता खसखस लागली, आता खोबरं लागलं, असं सविस्तर सांगू लागला. बाहुबली पाण्याची बाटली तोंडाला लावून हसत होता, शिव्या देत होता आणि परत हसत होता.

त्या रात्री मंडळाच्या जीपनं दोघांना कबनूरला सोडलं. जिना चढताना दोघांनी हातांचेही पाय केले. चंदनावहिनींनी पहाटे उठून ताजी हुग्गी रटरटायला ठेवली, पण बाहुबली गच्चीवर प्रसेनजीतशेजारी घोरत पडला होता. सात वाजायला आले, सूतगिरणीच्या चिमणीमागनं सूर्याची लाल कड वर आली, आणि प्रसेनजीतनं उशीखालनं शिट्टी काढून त्याच्या कानाशी नेऊन वाजवली.