पिटुकलीची पट्टी

थोरलीनं लग्न केलं नाही, आणि धाकटीनं केलं ते घाईत. आईवडील गेल्यावर दोघी बहिणींना एकमेकींशिवाय जवळचं असं कुणी उरलं नव्हतं. थोरली अठरा वर्षं एकाच चष्म्याच्या दुकानात होती. डोळे तपासायचे, नंबर काढायचा, फ्रेम नाकावर बसवायची, कानामागची काडी गरम करून वाकवायची, सगळं तिच्याच हातचं. मालक गल्ल्यावर बसून म्हणायचे, "या बाई रजेवर असल्या की मी दुकान उघडत नाही, नुसतं शटर वर करतो."

धाकटीच्या नवऱ्याची नोकरी फिरतीची. महिन्यातले वीस दिवस तो बाहेरगावी असायचा. मुलगी झाली आणि एकटीनं बाळ सांभाळताना धाकटी पार खचली. बाळ रडायला लागलं की तीही रडायची. थोरली रोज कामावरून सुटून थेट तिच्याकडे जायची. दुपटी धुवायची, भांडी घासायची, बाळाला खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारायची आणि मग आपल्या घरी जाऊन जे असेल ते खाऊन झोपायची.

एक दिवस धाकटीनं फोनवर आयांच्या एका गटात लिहिलं, "आज मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मी वाईट आई आहे का?" कधी न पाहिलेल्या ऐंशी बायकांनी तिला उत्तरं पाठवली. कुणी लिहिलं, मीही रडले होते. कुणी विचारलं, तू जेवलीस का? दुसऱ्या दिवशी धाकटीनं कितीतरी दिवसांनी केस विंचरले. थोरलीनं तेव्हा त्या फोनचे मनातल्या मनात आभारच मानले.

बाळाचं लाडाचं नाव पिटुकली. त्यावरून धाकटीनं फोनवर स्वतःचं पान सुरू केलं आणि त्याला 'पिटुकलीची आई' असं नाव दिलं. आधी ब्लॉग झाला, मग फोटो आले, मग व्हिडिओ. पिटुकली सहा वर्षांची होईपर्यंत चाळीस हजार बायका रोज तिच्या लिखाणाची वाट बघायला लागल्या. थोरली त्यातला शब्द न शब्द वाचायची. पिटुकलीनं मावशीच्या घरी भिंतीवर लिपस्टिकनं घोडा काढला, तो ब्लॉगमध्ये आईच्या घरच्या भिंतीवर आला. थोरली हसली. "बहिणीची भिंत काय नि माझी भिंत काय," ती मालकांना म्हणाली. मालक गल्ल्यातली चिल्लर मोजत राहिले.

शनिवारी सकाळी पिटुकली दुकानात यायची. दोन तास मावशीच्या मागेमागे करायची, रिकाम्या फ्रेमा घालून आरशात तोंडं वेडीवाकडी करायची. एका शनिवारी तिनं डोळा झाकायची काळी पळी उचलली आणि गिऱ्हाइकांसारखी खुर्चीत ताठ बसली. डावा डोळा झाकून तिनं समोरच्या तक्त्यावरची अक्षरं घडाघडा वाचली. मग पळी उजव्या डोळ्यावर धरली आणि गप्प झाली.

"वाच की," थोरली म्हणाली.

"मावशी, तू दिवा का घालवलास?"

दिवा चालूच होता. तिनं तीन वेळा तपासलं. डाव्या डोळ्यानं पोरीला तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर तेवढं कसंबसं दिसत होतं.

सोमवारी तिघी डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. डाव्या डोळ्याचा नंबर फार जास्त, उजव्याचा जवळजवळ नाहीच. त्यामुळे मेंदूनं डाव्या डोळ्यानं बघणंच सोडून दिलंय. "आता कायम चष्मा लावायचा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी चिकटवायची, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागेल. वेळेत आणलंत. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की फारसं काही हाती लागत नाही."

त्या दिवशी थोरलीनं एका कागदावर सगळं लिहून दिलं. पट्टी शाळेतून आल्यावर लगेच लावावी. पट्टी असताना मणी ओवायला द्यावेत, चित्रं रंगवायला द्यावीत, नुसतं बसवून ठेवू नये. घड्याळ तिच्या नजरेसमोर नसावं. पट्टीवर तिच्या आवडीचं चित्र तिलाच काढू द्यावं. रडली तर जवळ घ्यावं, पण पट्टी काढू नये. सोबत शंभर पट्ट्यांचा डबा दिला.

बुधवारी ब्लॉगवर लेख आला. 'आईच्या नजरेतून काही सुटत नाही.' शनिवारी खेळता खेळता मी सहज तिचा उजवा डोळा झाकला, असं धाकटीनं लिहिलं होतं. खाली थोरलीच्या कागदावरचं सगळं जसंच्या तसं होतं आणि वर पिटुकलीचा फोटो, पट्टीवर फुलपाखरू काढलेला. मावशी कुठेच नव्हती. थोरलीला जरासं लागलं, पण तिनं मनाची समजूत घातली. पोरीचा डोळा सुधारला म्हणजे झालं.

त्यानंतर रोज नवा फोटो यायला लागला. पट्टीवर मासा, पट्टीवर चंद्र, पट्टीवर झोपलेली मांजर. 'पट्टी-डायरी' असं नाव पडलं. दूरदूरच्या आया आपापल्या मुलांचे पट्टीवाले फोटो पाठवायला लागल्या.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा भिंगं बदलून पाहिली. "काहीच फरक नाही," त्या म्हणाल्या. "रोज चार तास लावता ना?"

"रोज," धाकटी म्हणाली.

थोरली त्या संध्याकाळी पट्ट्यांचा नवा डबा घेऊन बहिणीकडे गेली. जुना टाकून द्यावा म्हणून तिनं कपाट उघडलं. जुना डबा हातात घेतला तर जड लागला. आत निम्म्याहून जास्त पट्ट्या तशाच होत्या. पिटुकली शेजारी उभी होती.

"बाळा, पट्टी किती वेळ लावतेस गं?"

"फोटो काढेपर्यंत," पिटुकली म्हणाली. "कधीकधी कालचीच परत लावतो आणि वर दुसरं चित्र काढतो. मग आई म्हणते, झालं, काढ."

धाकटी स्वयंपाकघरात होती. थोरलीनं डबा तिच्यासमोर ओट्यावर ठेवला.

"हे काय आहे?"

धाकटीनं डब्याकडे पाहिलं, मग भाजी चिरत राहिली. "रडते ती. चार तास रडते. ओरडते, लाथा मारते, पट्टी ओरबाडते. तू कधी बघितलंयस?"

"मग मला सांगायचं. डॉक्टरांना सांगायचं. डॉक्टरांपुढे खोटं कशाला बोललीस?"

"सगळ्यांनी मला वाईट आई म्हणावं म्हणून सांगायचं?"

"अगं, वाईट आई कोण म्हणतंय तुला? तिचा डोळा जाईल!"

"तू शनिवारची मावशी आहेस, ताई. दोन तास लाड करायचे आणि परत पाठवायचं. तुला स्वतःचं मूल असतं ना, तर कळलं असतं."

थोरली खाली बसली. मग थोरलीच नरमाईनं म्हणाली, "बरं. तुला जमत नाही ना, मी करते. शाळा सुटली की तिला रोज दुकानात सोड. चार तास माझे. तू तुझं लिही, फोटो काढ, काय हवं ते कर."

धाकटीला ते सोयीचंच होतं.

पहिले चार दिवस पिटुकलीनं दुकान डोक्यावर घेतलं. मालकांनी गिऱ्हाइकांची माफी मागितली, पण थोरलीला एका शब्दानं बोलले नाहीत. पाचव्या दिवशी रडणं कमी झालं. पिटुकली फ्रेमचे बारीक स्क्रू नंबरांप्रमाणे वेगळे करायला शिकली. डाव्या डोळ्यानं, नाक स्क्रूंच्या डबीला टेकवून. सहाव्या आठवड्यात थोरलीनं तिला तक्त्यासमोर बसवलं. पोरीनं मोठं अक्षर वाचलं, खालची ओळ वाचली, त्याच्या खालच्या ओळीतली दोन अक्षरंही वाचली. थोरली आतल्या खोलीत गेली आणि तोंडावर पाणी मारून परत आली.

ती बातमीही ब्लॉगवर आली. 'पट्टीचे साडेचार महिने : आमचा विजय.' या वेळी प्रतिसाद असा आला की धाकटीच्या फोनला दम म्हणून मिळेना. आयांच्या कुठल्याशा मोठ्या मेळाव्यात तिला बोलायला बोलावलं. मग व्हिडिओवाले आले. दुपारचं ऊन चांगलं असतं म्हणून शाळा सुटल्यावर घरीच चित्रीकरण ठरायला लागलं. पिटुकली आठवड्यातून तीनदा यायला लागली, मग एकदा, मग येईनाशी झाली.

थोरलीनं फोन केला की धाकटी म्हणायची, "घरी लावतोय गं. तू काळजी करू नकोस." थोरली घरी गेली तर दिवे, पडदे, माणसं, आणि मधोमध पट्टी लावलेली पिटुकली मणी ओवण्याचं नाटक करत बसलेली. "अजून एकदा हस बघू," कुणीतरी म्हणत होतं. चित्रीकरण संपलं तसं धाकटीनं स्वतःच पट्टी उचकटून काढली. थोरली दारातूनच माघारी फिरली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत थोरलीनं आयुष्यात पहिल्यांदा त्या ब्लॉगखाली चार ओळी लिहिल्या.

"मी पिटुकलीची सख्खी मावशी. चष्म्याच्या दुकानात काम करते. पट्टी रोज चार तास लागायला हवी, ती फक्त फोटोपुरती लागते. पोरीचा डोळा वाया चाललाय. तुमच्यापैकी कुणीतरी तिच्या आईला समजवा. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

डबा उघडून दोन घास खाईपर्यंत उत्तरं यायला लागली. "आईला शिकवणारी ही कोण?" "स्वतःला मूल आहे का हिच्या?" "अशी एक जळकी मावशी प्रत्येक घरात असतेच." "पिटुकलीची आई, तू रडू नकोस, आम्ही आहोत ना." थोरलीला वाटलं होतं, एवढ्या आया आहेत, एखादी तरी विचारेल, पोरीचा डोळा कसा आहे? सहाशे उत्तरांत तसं विचारणारी एकही निघाली नाही. तासाभरात तिच्या त्या चार ओळी पुसल्या गेल्या आणि तिला ते पान दिसेनासं झालं.

संध्याकाळी धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला. बिचारा अवघडून बोलत होता. "ताई, थोडे दिवस तुम्ही घरी येऊ नका. ती फार दुखावलीय."

"आणि पट्टी?"

"ते... ती बघेल ना. आई आहे तिची."

थोरली डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, आई मुलीला घेऊन येतच नाही तर मी काय करणार? मग एका दुपारी ती शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिली. पिटुकली धावत आली आणि चार पावलांवर थांबली. पट्टी तर सोडाच, चष्माही नव्हता डोळ्यांवर.

"आई म्हणाली तुझ्याशी बोलायचं नाही. तू आमच्याबद्दल वाईट लिहिलंस."

"मी लिहिलं की तुझा डोळा बरा व्हायला हवा."

पिटुकलीनं विचार केला. "मग आई का रडत होती?"

तेवढ्यात शाळेच्या बसमधून हाक आली आणि पोर पाठ फिरवून गेली. बसची पायरी चढताना तिचा अंदाज चुकला, गुडघा आपटला. ती रडली नाही. दुसऱ्या आठवड्यात शाळेनं थोरलीला निरोप दिला की पालकांच्या परवानगीशिवाय फाटकाशी थांबू नये.

दीड वर्ष गेलं. थोरली कामावर येत होती, जात होती.

एके दिवशी बस चालवणारी एक बाई गणवेशातच आपल्या मुलीला घेऊन दुकानात आली. मुलगी सातेक वर्षांची, जांभळ्या फ्रेमची. चष्म्याची काडी सैल झाली होती. थोरलीनं सवयीनं तिचे डोळे तपासले. उजवा चांगला, डावाही जवळजवळ तितकाच.

"आधी या डोळ्यानं काही दिसत नव्हतं हिला," बाई कौतुकानं म्हणाली. "वर्षभर पट्टी लावली. रोज चार तास. एक दिवस चुकवला नाही."

"त्रास दिला असेल खूप."

"अहो, जीव नकोसा केला! पण एका ब्लॉगवर सगळं लिहिलं होतं. मणी ओवायला द्या, घड्याळ समोर ठेवू नका, रडली तरी पट्टी काढू नका. तसंच्या तसं केलं बघा. त्या बाईंचे पाय धरायला हवेत." तिनं फोन काढला. "आणि त्यांचंच नशीब बघा. परवाच लिहिलंय त्यांनी."

ती वाचायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता फारसा फरक पडणार नाही. आम्ही दोघी खूप रडलो. मग ठरवलं, लेकीला आहे तशी स्वीकारायची. जग सुंदर दिसायला एक डोळाही पुरतो.

"केवढी धीराची बाई," बसवाली म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "दुसऱ्यांच्या लेकरांना गुण आला, आणि तिच्याच लेकीला नाही."

"फोटो आहे का?" थोरलीनं विचारलं.

बाईनं फोन पुढे केला. थोरलीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. पिटुकली उंच झाली होती. केस कापले होते, पुढचे दात आले होते. आणि मान थोडी डावीकडे वळवून ती उजव्या डोळ्यानं कॅमेऱ्याकडे बघत होती.

"ओळखता का तुम्ही त्यांना?"

"नाही," थोरली म्हणाली.

तिनं फोन परत दिला, जांभळ्या फ्रेमचा स्क्रू घट्ट केला, आणि चष्मा त्या मुलीच्या नाकावर नीट बसवला. "टोचतंय का कुठे?" तिनं विचारलं.

मुलीनं नाही म्हणून मान हलवली. थोरलीनं पैसे घेतले नाहीत, आणि का घेतले नाहीत हे बसवालीला कळलं नाही.