मांडवावरचा पाग

काळूरामने आपला पाग पडवळाच्या मांडवावर टाकला, त्याला आता बरीच वर्षं झाली. खाडीत फेकायचं गोल जाळं ते. पण पाणी काळं पडलं, माशाला रॉकेलसारखा वास यायला लागला, तेव्हा एका संध्याकाळी त्याने वैतागून जाळं खाडीऐवजी वेलावर फेकलं. तेव्हापासून त्याच्या घरी बाजारातली मासळी येते आणि तो ती मुकाट्याने खातो. खाडीकाठच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

त्याची मुलगी रीमा त्याच खाडीकाठी सांडपाण्याच्या छोट्या प्लांटवर ऑपरेटर होती. बापाने पुन्हा पाग घेऊन खाडीत उतरावं, एवढं एकच तिने मनाशी धरलं होतं.

"बाबा, टाकीत जिवाणू असतात. ते घाण खातात, मग आम्ही साफ पाणी सोडतो. खाडीचा वासही गेलाय आता," ती सांगायची.

"मोटार घरघरते, तेवढ्यानं पानी साफ होतं काय? सगली सोंगं," काळूराम म्हणायचा. दोघंही एका मुशीतली, त्यामुळे वाद कधी मिटलाच नाही.

प्लांटवर दर माघात सत्यनारायण असतो. जिथे अर्ध्या गावाच्या संडासांचं पाणी येतं, तिथे केळीचे खांब लागतात आणि साजूक तुपातला शिरा वाटला जातो. यंदा खूप मनधरणी केल्यावर बाप यायला तयार झाला होता. प्रसाद तोंडाशी नेताना त्याच्या नाकात घाण जाऊ नये, म्हणून रीमाने सकाळीच आवारभर फिनेल ओतलं, टाकीच्या कडेने ब्लीचिंग पावडरीची पोती रिकामी केली आणि पाइप लावून सगळं धुऊन काढलं. धुतलेलं पाणी जाणार कुठे? टाकीतच. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पूजेच्या सकाळी भल्याभल्यांची अक्कल रांगोळीत अडकते.

काळूराम आला, शिरा खाल्ला. "आस्पतालात आल्यासारखं वाटतं," एवढंच बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी टाकीवर पांढरा फेस चढला. रीमाने नेहमीसारखं टाकीतलं पाणी काचेच्या उंच नळीत भरून ठेवलं. एरवी तपकिरी गाळ तळाशी बसायचा आणि वर नितळ पाणी राहायचं. आज वरपासून खालपर्यंत सगळं गढूळ. जिवाणू मेले होते, आणि ते तिनेच मारले होते.

इन्चार्ज जॅक्सन सरांनी कपाळाला हात लावला. "देवाच्या नावानं काय करून बसलीस गं! आता विरजण आणावं लागणार."

एव्हरशाईन सिटीतल्या एका सोसायटीचा प्लांट चांगला चालला होता. तिथला जिवंत गाळ टँकरने आणायचा, टाकीत सोडायचा आणि दही लागायची वाट बघावी तशी वाट बघायची. तोवर अर्धवट साफ झालेलं पाणी खाडीत जाणार होतं.

संध्याकाळी तिने बापाला सगळं सांगून टाकलं आणि लहान मुलीसारखी रडली. आता तो आयुष्यभर टोमणे मारणार, अशी तिची खात्रीच होती.

काळूराम तिच्याकडे वळून बसला. मग म्हणाला, "मेलं म्हनतेस?"

"हो."

"म्हंजे टाकीत खरंच काय तरी जितं होतं!"

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा तो फाटकापाशी हजर. कुणी न सांगता त्याने पाइपाचं तोंड टाकीवर धरलं, अंगावर शिंतोडे उडाले तरी हलला नाही. त्यानंतर शेतावर जाता-येता तो रोज डोकावायचा. "लागलं काय विरजन?" विचारायचा. रीमा नकारार्थी मान हलवायची.

फाल्गुन सरता सरता एका सकाळी नळीतला गाळ तळाशी बसला. वर पाणी इतकं नितळ, की पलीकडचं फाटक दिसत होतं. काळूरामने नळी उन्हात धरली, फिरवून फिरवून पाहिली, रीमाच्या हातात दिली आणि तडक घरची वाट धरली. रीमा हिरमुसली. एवढं तरी म्हणायचं, बरं झालं म्हणून!

ड्युटी संपवून ती घरी आली, तर आई धोंडूबाई अंगणात कमरेवर हात ठेवून उभी.

"बग तुज्या बापाचे धंदे! सगला येल भुईला लोलतोय!"

पडवळं मातीत पडली होती. मांडवाचे बांबू उघडे होते, त्यांवर जाळं नव्हतं. ओहोटी लागली होती आणि ओल्या बांधावर खाडीकडे गेलेल्या पावलांचे ठसे उमटलेले होते.

रीमाला हसू आलं आणि डोळेही भरून आले. तिने एकेक पडवळ उचलून ओसरीवर ठेवलं.

"आई, आज भाजी नको चिरूस," ती म्हणाली. "मसाला वाट."