विहिरीच्या कड्यावरची खूण

"मामा, पट्टी हलवू नका! सरळ धरा!"

रायभान पट्टी हलवत नव्हता. पाय रुतत होते, त्याला तो तरी काय करणार? वरून काळी माती छान पसरलेली, खाली सगळा भुसभुशीत मुरूम. बावीस वर्षं तो मोजणीच्या खात्यात खलाशी होता, तोही रोजंदारीवर. जालना जिल्ह्यात समुद्र कुठून आणायचा, पण दुर्बिणीपुढं पट्टी धरून उभा राहणाऱ्याला खात्यात खलाशीच म्हणतात. पट्टी त्यानं धरायची, आकडा दुसऱ्यानं वाचायचा आणि तिसऱ्यानं लिहायचा. तुला काय वाटतं, असं या बावीस वर्षांत त्याला एका माणसानं विचारलेलं नव्हतं.

घनसावंगीकडच्या या शिवाराखालून दोन वर्षांपूर्वी पाण्याचा बोगदा गेला आणि गोपिकाबाईंच्या तीन एकरांतला अर्धा एकर परातीसारखा खाली बसला. बोगदा खणणाऱ्या कंपनीनं खड्डा भरून दिला. मग सहा-सहा महिन्यांनी तीन मोजण्या घ्यायच्या ठरल्या. तिन्ही वेळा जमीन जागच्या जागी दिसली की 'जमीन पूर्ववत' असा दाखला मिळणार आणि कंपनी मोकळी होणार. आज तिसरी मोजणी होती.

"फरक शून्य," अर्पिता मॅडम दुर्बिणीवरून डोळा काढत म्हणाल्या. नोकरीला लागून त्यांना वर्षसुद्धा झालं नव्हतं.

"सांगितलं होतं की न्हाई, मॅडम?" कंपनीचा सुपरवायझर कल्याण हसला. "एकदम बराबर काम केलंय आम्ही."

बांधावर बसलेल्या गोपिकाबाई ताडकन उठल्या. "शून्य कसं वो, माय? पावसाळ्यात गुडघ्याएवढं पाणी साचल्तं हितं. ट्रॅक्टरवाला आत यायला तयार न्हाई, म्हणतो चाक फसतंय. आन् तुमी म्हणून राह्यल्या शून्य?"

"आजी, मशीन खोटं कशाला बोलेल?"

तेही खरंच होतं. रायभान पट्टी खांद्यावर टाकून विहिरीकडं वळला. पहिली पट्टी नेहमी विहिरीच्या कड्यावर, तिथल्या लाल खुणेवर लावायची आणि तिथून शेताची उंची काढायची. कड्याला लागून बांधाची दगडी पायरी होती. पूर्वी पायरी आणि कडं अगदी एका पातळीत होती. त्यानं कितीदा तरी अर्धा डबा इकडं, अर्धा तिकडं मांडून भाकरी खाल्ली होती. सकाळी तो पलीकडच्या बाजूनं कड्यापाशी आला होता. आता पायरीवरून कड्यावर पाय टाकताना तो वीतभर खाली गेला आणि रायभान गपकन थांबला.

कडंच खाली गेलं होतं. भरलेलं शेत पुन्हा बसलं तशी त्याच्याबरोबर विहीरही बसली होती. बुडणाऱ्यानं बुडणाऱ्याची उंची मोजावी, तसा सगळा प्रकार! फरक येणार कुठून?

आणि ही लाल खूण लावली होती कुणी? त्यानंच. खरी खूण पलीकडच्या माळावर, म्हसोबाच्या ओट्यावर होती. ओटा पक्क्या खडकावरचा, खूणही त्यानंच छिन्नीनं कोरलेली. पण गावकऱ्यांनी आषाढात ओट्याला शेंदरी ऑइलपेंट फासला नि खूण झाकली गेली. भरीनंतरची पहिली मोजणी आली ती भर वैशाखात. माळ तुडवा, रंग खरवडा, मधल्या बाभळी तोडा! त्याच्या जिवावर आलं होतं. 'विहिरीचं कडं हाय की, सायेब. सिमिटाचं हाय, पक्कं!' असं तोच बोलून गेला होता. ते साहेब बदलून गेले, खूण मात्र राहिली.

त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"मॅडम, हे माप चुकलंय," तो म्हणाला. "कडं खचलंय. म्हसोबापासून माप घेऊ. मी आत्ता रंग खरवडतो, जल्दी होतंय."

मॅडमनी नोंदवही उघडली. "मामा, पहिल्या दोन मोजण्या इथूनच झाल्यात. आणि इथं स्पष्ट लिहिलंय, खूण खलाशानं दाखवली. म्हणजे तुम्हीच ना?"

"व्हय, मीच. चुकलंच माझं. म्हणून तर सांगून राह्यलो."

मॅडम क्षणभर पायरीकडं बघत राहिल्या. त्यांना कळलं असावं. पण कल्याण मोटारसायकलची किल्ली बोटावर फिरवत उभा होता. "खूण बदलायची म्हणजे वरून लेखी हुकूम लागतो, मॅडम. आन् आजची तारीख गेली तर जबाब तुम्हालाच द्यावा लागंल."

"मला तेवढा अधिकार नाही, मामा," मॅडम हळूच म्हणाल्या आणि त्यांनी सही केली. मग वही रायभानपुढं धरली. खाली खलाशाच्या सहीची एक ओळ असते. बावीस वर्षं तो तिथं न वाचता सही करत आला होता.

"म्या न्हाई करणार."

"राहू द्या, मॅडम," कल्याण म्हणाला. "त्याच्या सहीवाचून काय अडतंय?"

खरंच, काहीच अडलं नाही. मॅडमची जीप गेली, मागोमाग मोटारसायकलही गेली. रायभान माळावरच्या म्हसोबाकडं बघत तसाच उभा राहिला. एवढा संताप आला होता आणि तो काढायला समोर माणूस नव्हता.

"बाई, गवंड्याची पाण्याची नळी मिळंल का कुणाकडं?" त्यानं विचारलं.

गोपिकाबाईंनी काही न विचारता शेजारच्या बांधकामावरून शंभर फुटी नळी आणली. पाणी भरलं. नळीच्या दोन्ही तोंडांशी पाणी एकाच पातळीत राहतं. नळीचं एक तोंड घेऊन त्या कड्यापाशी उभ्या राहिल्या. दुसरं घेऊन रायभान बाभळीच्या काट्यांतून माळावर गेला आणि विळ्यानं शेंदरी रंग खरवडत बसला. तिसऱ्या थराखाली त्याची छिन्नीची खूण निघाली. त्यानं नळीतलं पाणी खुणेच्या पातळीला आणलं.

"तिकडं पाणी कुठवर आलंय?" तो ओरडला.

"कड्याच्या लई वर! वीतभर आन् वर दोन बोटं!"

बोगद्याआधी मोजलं तेव्हा कडं आणि खूण बरोबर एका पातळीत होती. रायभान नळीचं तोंड दगडाखाली दाबून परत आला.

"आता हे कुणाला दाखवू, भाऊ?" गोपिकाबाईंनी विचारलं. "दाखला तर गेला की."

"ही लाल खूण मीच लावल्ती, बाई," तो म्हणाला. "उन्हाचा कंटाळा केला म्या."

गोपिकाबाई त्याच्याकडं वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, रागही होता.

"मंग तुमीच पुसा ती."

रायभान कड्यापाशी उकिडवा बसला. ओल्या फडक्यानं घासून बघितलं, पण रंग निघेना. मग विळा घेऊन खरवडायला लागला. सिमेंटाची पांढरी भुकटी खाली पडत राहिली. गोपिकाबाई शेजारीच उभ्या होत्या, नळीचं तोंड हातभर वर धरून, पाणी सांडू नये म्हणून त्यावर अंगठा दाबून.