फणसाची हिरवी पट्टी

"झाड हाय का बटाटा? पार सोलून ठेवलंय की."

सकाळीच चंद्राबाईचा आवाज चढला. के. आर. पुरम स्टेशनच्या पलीकडं, नव्या इमारतींच्या मधे, आमच्या जुन्या गावाची थोडी घरं उरलीत. त्यातलं एक तिचं. निपाणीकडून लग्न होऊन आली तेव्हा तिनं दारात फणस लावला. आता तेवढंच तिचं शेत. उन्हाळाभर स्टेशनबाहेर त्याचेच गरे विकते.

त्या फणसाच्या बुंध्यावर चहूबाजूंनी ब्लेडचे घाव होते. चीक ओघळून वाळला होता, त्यात मुंग्या चिकटून मेल्या होत्या. समोर वस्तीतली शाळकरी शमिका मान खाली घालून उभी.

"बोल की गं. कापताना हात चालला, आता तोंड चालंना व्हय?"

दामोदरअण्णा अनवाणीच धावत आले. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते रविवारी वस्तीतल्या पोरांना झाडं दाखवतात. पोरांच्या चित्रांचं, झाडं ओळखायचं पुस्तक करायचं चाललं होतं.

"तिला बोलू नका, चंद्राक्का. जराशी साल काढून चीक बघा, असं मीच सांगितलं होतं."

"जराशी?"

"नखाएवढी." अण्णांनी झाडाला फेरी मारून घाव मोजले. "पण प्रत्येकाला स्वतः काढलेला चीक बघायचा असणार. माझ्या ध्यानात यायला हवं होतं."

"मग चीक बघाया पोरं वडाकडं का न्हाई गेली?"

"वड रस्त्यापलीकडं. रस्ता ओलांडू नका, हेही मीच सांगितलंय."

चंद्राबाईनं पदरानं मुंग्या झटकल्या. "शिकवायची हौस तुमची, अन् कातडं माझ्या झाडाचं. जगंल का आता?"

"सांगता येत नाही."

"सरी, ठीक हाय. मग उभं काय ऱ्हायलाय? शेण आणा."

अण्णांनी शेण आणलं, लाल मातीत कालवलं आणि एकेका घावात बोटानं भरलं. शमिका पुढं झाली.

"तू नको, बाळ. हे माझं काम."

"भरू दे की तिला," चंद्राबाई म्हणाली. "तिला बी कळू दे."

वरून तिनं आपलं जुनं हिरवं लुगडं फाडून पट्टी बांधली.

तेव्हापासून अण्णा रोज सकाळी येऊन शेंड्याकडं बघत उभे राहायचे. पानं गळत होती. पुस्तकातली 'साल काढून चीक बघा' ही ओळ त्यांनी खोडली आणि लिहिलं, 'गळलेलं पान हातात घेऊन बघा.' तरी झाडाजवळ आले की पट्टीकडं बघायचं ते टाळायचे.

मग शमिकानं फणसाचं चित्र आणलं. पान, काटेरी फळ, आणि बुंध्याला हिरवी पट्टी. खाली लिहिलेलं, 'ओळख : बुंध्याला हिरवं कापड असतं.'

अण्णांनी रबर उचललं.

"खोडू नका," चंद्राबाई गरे सोलता सोलता म्हणाली. "पोरीनं बघितलं तेच काढलंय. तुमच्या रविवारच्या शाळंतला फणस असाच असतोय."

अण्णांनी रबर खाली ठेवलं.