उधाणातली हाक

वाचकहो, संकट आलं की आपलं दार लावून आत बसावं, हा आपणा सर्वांचाच स्वभाव. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका कोळीवाड्यात तर ती रीतच होऊन बसली होती. हिवाळ्यात अवसेचं उधाण आणि वादळ एकत्र आलं की पाण्यातून हाका येतात, त्या बुडून मेलेल्यांच्या असतात आणि जो ओ देईल त्याला ते ओढून नेतात, असं तिथं लहानथोर सगळे मानीत. आभाळ फिरलं की होड्या वर ओढायच्या, दारं लावायची आणि गप्प राहायचं.

ही गोष्ट १९३० च्या आसपासची. कार्तिकातली अवस होती. सकाळपासून वारा असा पडला होता की माडाची एक झावळी हलत नव्हती. समुद्राला पितळेचा रंग चढला होता. खेकडे वाळू सोडून घरांच्या ओट्यांवर चढू लागले आणि वाडीतली कुत्री कुठं नाहीशी झाली ते कुणालाच कळलं नाही. दुपार कलताच सांज झाल्यासारखा काळोख पसरला आणि वादळ सुटलं.

वाडीचा म्होरक्या येसाजी तांडेल. त्याचं घर जरा उंचावर, म्हणून पाणी गल्लीत शिरताच खालच्या घरांतली माणसं त्याच्याकडे आली. त्यांत नीराबाई ही विधवाही होती. तिचा एकुलता मुलगा सदा काही वर्षांमागे अशाच उधाणात, वाडीच्या अगदी समोर बुडाला होता.

"आपली समदी मानसं आत हायती," म्हणत येसाजीनं दाराला अडसर घातला.

थोड्या वेळानं वारा दम खायला थांबला. त्या शांततेत पाण्यावरून एक लांबलचक हाक आली.

"सदाऽऽ! ए सदाऽऽ!"

येसाजीची सून कोकिळा हिनं लेकराला पदराखाली घेतलं. हाक पुन्हा आली. या खेपेला ती रडवेली होती.

"नीरावैनी, ऐकू नका," येसाजी दबल्या आवाजात म्हणाला. "त्याचे सोबती त्याला बोलावत्यात. ओ द्याची न्हाय कुनी."

नीराबाई उठून उभी राहिली. "भावजी, हाक मारनारा मेलेला असंल तर तो माझ्या सदाच्या संगतीतला हाय. त्याचं मला भ्या कसलं? आन् जित्ता असंल, तर त्याला आपुन मारतोय!"

"पर आपल्या वाडीचं कुनी भाईर न्हाय!"

"दर्यात काय आपलीच वाडी जाती व्हय?"

नीराबाईनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "माझा सदा गेला तवा मी चौलच्या बाजाराला गेले व्हते. तुमी समदी हितंच व्हतात. खरं सांगा भावजी, त्यानं हाक मारली व्हती का?"

दाराखालून आत येणाऱ्या पाण्याचा तेवढा चुळचुळ आवाज होत होता. येसाजीची मान खाली गेली, कोकिळा मुसमुसू लागली. नीराबाईला काय ते समजलं. तिनं आक्रोश केला नाही. पुढं होऊन तिनं अडसर काढला आणि ती बाहेर पडली.

गुडघाभर पाण्यातून ती शेवटच्या माडापर्यंत गेली. मुलगा गेल्यापासून ज्या नावानं तिनं कुणाला हाक मारली नव्हती, ते तिनं सारा जीव एकवटून समुद्राला ऐकवलं.

"सदाऽऽ! हिकडं ये बाबा! हिकडं!"

आणि अंधाऱ्या पाण्यातून, पहिली हाक आली त्याच्या उलट बाजूनं, क्षीण आवाज आला, "ओऽऽ!"

घरात किंकाळी फुटली. "काकीला ओ दिली! सदानं ओ दिली!" एकजण दार लावायला धावला. येसाजीनं त्याचा हात झटकला.

"दोर घ्या!" तो ओरडला. "समद्यांनी आवाज द्या! ज्याला गळा हाय त्यानं ओरडा!"

माडाच्या बुंध्याला दोर बांधून बाप्ये पाण्यात उतरले. बायका किनाऱ्यावरून हाका देत राहिल्या. मेलेल्या पोराचं नाव सारी वाडी समुद्राकडे तोंड करून घेत होती! फेसात एक डोकं दिसलं, बुडालं, पुन्हा दिसलं. येसाजीनं झेप घेऊन दंड पकडला. तो इतका थंडगार होता की मेलेल्याचाच समजून येसाजी तो सोडणारच होता. तोच त्या हातानं येसाजीचं मनगट घट्ट आवळलं. मेलेलं माणूस असं धरत नाही!

तो श्रीवर्धनचा एक तरणा खलाशी होता, नाव त्याचंही सदाच. त्यांचा सुपारीचा मचवा खडकावर फुटला होता. त्याचा थोरला भाऊ चंदर मोडक्या डोलकाठीला धरून त्याला हाका मारत होता. त्यालाही लोकांनी ओढून आणलं. त्यांच्याबरोबरचा म्हातारा खलाशी मात्र वाचला नाही.

"किनारा कुठं ते कळंना," चुलीपाशी बसून तो पोरगा सांगत होता. "आयची हाक आली, तिकडं हात मारत ऱ्हायलो."

नीराबाई त्याचं डोकं पुसत होती. येसाजी तिच्या पायांशी बसला. "वैनी, त्या सांजंला हाक आली व्हती. दार मीच लावलं."

तिनं पोराचं डोकं पुसून पुरं केलं. मग म्हणाली, "मला ठावं झालं. आता फुडल्या उधाणाला किनाऱ्यावर कोन बसनार, तेवढं सांगा."

"मी बसंन," येसाजी म्हणाला.

त्या वर्षापासून हिवाळ्यात आभाळ फिरलं की त्या वाडीतली माणसं मशाल आणि दोर घेऊन पाण्याच्या कडेला बसतात. हाक आली की ओ देतात, होडी लोटतात. कधी शोध शोध शोधूनही कुणी सापडत नाही. ती हाक कुणाची होती ते कळत नाही आणि परतताना अंगावर काटा येतो. तरी पुढच्या हाकेला वाडी ओ देतेच.

बंधुभगिनींनो, भुताला ओ दिल्यानं कुणाचं काही बिघडलेलं त्या वाडीनं अजून पाहिलं नाही. माणसाला ओ न दिल्यानं काय होतं, ते मात्र नीराबाईला विचारा. भीतीनं लावलेलं दार भुतांना अडवत नाही, ते आपल्याच माणसांना बाहेर ठेवतं!