दुसऱ्या रिमोटवाली आत्या

"ताय, तू खालीच थांब. घर सांभाळ. वरचे मी बघतो," जगनकाका टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला.

मैनाआत्यानं पिठाचे हात घाईघाईनं पदराला पुसले, टीव्ही गेमचा दुसरा रिमोट उचलला आणि आपला हिरवा टँक खालच्या विटांपाशी नेऊन उभा केला. विटांच्या आत एक पक्षी असतो. त्याला गोळी लागली की दोघांचाही खेळ खलास. त्या विटा आणि तो पक्षी, दोन्हींना मिळून काका आणि आत्या 'घर' म्हणतात. काकाचा पिवळा टँक सुसाट वर निघाला, आणि आत्या घरासमोर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फेऱ्या मारत राहिली.

"मैनाताई, तव्यावर भाकरी हाय," आतून आईचा आवाज आला.

"आले आले." आत्या उठली. रिमोट असा अलगद खाली ठेवला, जसं काही अंडंच आहे. दारापर्यंत गेली, मागे वळून बघितलं, दोन पावलं परत आली, पुन्हा गेली. भाकरी उलटून पुन्हा दारात. त्या संध्याकाळी तिचं हेच चाललं होतं. स्वयंपाकघरात असली की कान टीव्हीकडे, टीव्हीसमोर असली की नाक तव्याकडे. तिच्याकडे बघून मलाच धाप लागत होती.

गौर आली त्या दिवशीची ही गोष्ट, यंदाची, म्हणजे दोन हजार सात सालची. खरं म्हणजे गौरीला आत्या येईल असं शहापुरात आमच्या घरी कुणालाच वाटलं नव्हतं. तिला वैशाखरे गावात दिलेलं. आतोबांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, माळशेजच्या रस्त्यावर धाबा आहे. पावसाळ्यात तिकडे मुंबईची माणसं धबधबे बघायला लोटतात आणि धाब्यावरच्या भाकऱ्या सगळ्या आत्याच्या हातच्या. त्यामुळे लग्न झाल्यापासून गौरीचं माहेर तिला फोनवरच मिळायचं. यंदा घाटात दरड कोसळली, रस्ता बंद झाला, धाब्याची चूल थंड पडली, तेव्हा आतोबा म्हणाले, जाऊन ये. दरडीनं आपल्यावर उपकारच केले, असं मी जेवताना म्हणाले तर बाबांनी डोळे वटारले. पण मनातून त्यांनाही ते पटलं असणार, कारण त्यांनीच आत्याला सगळ्यांत मोठा मोदक वाढला.

आणि नेमका त्याच आठवड्यात काकानं कल्याणच्या जुन्या बाजारातून तो टीव्ही गेम उचलून आणला. काका कल्याणला कंपनीत आहे. त्याचे तिथले सगळे मित्र तिशीला टेकलेत आणि सगळ्यांना एकाच वेळी लहानपणाचा ताप चढलाय. कुणी जुनी कॉमिक्स शोधतोय, कुणी काड्यापेट्यांची चित्रं, कुणी गेमच्या कॅसेटी. काकानं कॅसेट खोक्यातून काढली, तिच्या तोंडात जोरात फुंकर मारली, खटकन बसवली, आणि टीव्हीतून ते टिंगटिंग वाजलं तेव्हा त्याचे डोळे चक्क भरून आले.

आई म्हणाली, "पोरगी बघाया चला म्हटलं की ह्याला टाइम नाय. आणि ह्या डबड्यापुढं रडतोय."

आत्या दहावीत आणि काका आठवीत होता तेव्हा शहापुरात एक दुकानदार असले गेम तासावर भाड्यानं द्यायचा. सुट्टीत पिशवीत घालून ते घरी आणायचं, मागच्या खोलीतल्या काळ्यापांढऱ्या टीव्हीला जोडायचं, आणि तास संपेपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही. पहिला रिमोट काकाचा. दुसरा आत्याचा. आत्या मोठी असून दुसरा तिच्याकडे का, हे कुणी ठरवलं ते दोघांनाही आठवत नाही. दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नसतं, हे तुम्ही खेळला असाल तर तुम्हाला माहीत असेल. खेळ सुरू करायचा पहिल्यानं, मध्येच थांबवायचा पहिल्यानं. दुसऱ्यानं नुसतं खेळायचं. आणि आमच्या आत्यानं तर खेळायचंही नाही, घर सांभाळायचं. ते ती इतकं झकास सांभाळायची की गल्लीतली मुलं म्हणायची, मैना खाली असली की वरच्यानं डोळे मिटून खेळावं.

मग आत्या दहावीला गणितात गेली, घरी बसली, आणि पुढे लग्न झालं. गेमवाल्याचं दुकानही बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी मागच्या दारी भांडी घासत होतो. आत्या राख लावत होती, मी धुवत होते. मध्येच तिचा हात थांबला.

"भूमे, वरती काय असतं गो?"

"कुठं वरती?"

"त्या गेममधी. पार वर. ती चांदणी लुकलुकते नं, तिच्यातनं ते टँक निघतात. मी कदी तिथवर गेलेच नाय. खालनंच बघायची."

"काही नसतं आत्या. नुसतं काळं असतं."

"तू गेलीस?"

"हो, कालच. तुम्ही पीठ मळत होतात तेव्हा."

"हां." ती पुन्हा पातेलं घासायला लागली, आधीपेक्षा जोरात. "तू जाऊन आलीस म्हणून म्हणतेस काय नसतं. मला पण जाऊन म्हणायचंय."

मी हातातला तांब्या खाली ठेवला. "मग जा की. पहिला रिमोट घ्या, काकाला म्हणा आज घर तू बघ."

"तो बरा बघंल." ती हसली, पण तिचा अंगठा पातेल्याच्या काठावर टकटक करत होता. डावी-उजवी, डावी-उजवी. तिला कळतही नव्हतं.

आता माझं सांगते. यंदाच्या पंधरा ऑगस्टला मी शाळेच्या स्टेजवर कागद न बघता भाषण केलं. त्याआधी वर्गात माझा आवाज पहिल्या बाकापर्यंतसुद्धा जात नव्हता. तेव्हापासून माझं तोंड बंदच होत नाही, असं बाबांचं म्हणणं. तर त्या दुपारी जेवणं झाली, काकाचे दोन मित्र आले, बाबाही लुंगी खोचून पुढे बसले, आणि चौघांचं 'आमच्या टायमाला' सुरू झालं. कोण कुठे अडकायचा, कोण अडॅप्टर तापला की ओल्या फडक्यात गुंडाळायचा. आत्या चहा घेऊन आली आणि सगळ्यांनी कप घेतले तरी ट्रे धरून तिथेच उभी राहिली.

मी सरळ म्हणाले, "काका, पहिला रिमोट आत्याला दे. तिला वर जायचंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका हसला. "अगो, ताय दुसऱ्यावर सेट हाय. तिला पयला दिला तर स्टार्टच सापडायचं नाय."

"तुला घर सांभाळता येतं का पण? कधी सांभाळलंयस?"

"ए भाषणवाली," बाबा म्हणाले, "जा आतमधी, पाणी आण."

मित्र खो-खो हसले. मी पाणी आणलं नाही. आणि तेवढ्यात लाइट गेली, त्यामुळे सगळ्यांचाच खेळ संपला.

आत्या माझ्यावर खूश होईल असं मला वाटलं होतं. ती मागच्या दारी आली आणि माझा दंड धरला. घट्ट.

"माज्यासाठी भांडू नको. चार माणसांत माजं नाव घेतलंस, आता सगळे हसतील, ताय टँक खेळाया आली म्हणून. मी काय लहान हाय?"

"पण तुम्हाला पाहिजे ना?"

"पायजे." तिनं माझा दंड सोडला. "मला पायजे तवा मी घेईन. तू मागायचं नाय."

माझं तोंड एवढं एवढं झालं. पण तिचं ते 'घेईन' मला आवडलं.

तिसऱ्या दिवशी, गौरी-गणपती जायच्या दिवशी, सकाळीच आतोबांचा फोन आला. घाटातली दरड उचलली, रस्ता मोकळा झाला. परवा शनिवार, गाड्या येणार, पिठाची तयारी करायची. आमच्याकडे तशीही रीत आहे, गौर माहेरवाशिणीनंच पाण्यापर्यंत न्यायची आणि गौर गेली की तिनंही त्याच दिवशी सासरी निघायचं, मुक्काम करायचा नाही. फक्त एरवी ती संध्याकाळी निघाली असती. आता आतोबा ओळखीच्या नवशाची जीप घेऊन दुपारीच येणार होते.

फोन ठेवल्यापासून आत्या एका जागी उभी राहिली नाही. पिशवी भरली, काढली, पुन्हा भरली. वड्यांसाठी अळूची पानं खुडली. देवापुढचा दिवा नीट केला. टीव्हीवरची धूळ पुसली. रिमोटांच्या वायरी एकमेकींत गुंतल्या होत्या त्या सोडवल्या, आणि मग काहीच काम उरलं नाही तशी अंगणात जाऊन रस्त्याकडे बघायला लागली.

नदीवर सगळे आरतीत होते. आत्यानं गौर डोक्यावरून उतरवली, पाण्यात सोडली, हात जोडले. बाबांनी दुसरी आरती धरली तेव्हा ती माझ्या शेजारी होती. तिसरीला बघते तर नाही. वर चढावर तिची हिरवी साडी दिसली, चिखलातून भराभरा निघालेली. मी मागे पळाले.

घरी पोचले तर ती टीव्हीसमोर मांडी घालून बसलेली. पायांना घोट्यापर्यंत चिखल, साडीचा काठ ओला. कॅसेट बसवलेली. हातात पहिला रिमोट. अंगठा बरोब्बर स्टार्टवर.

"दाबा ना," मी म्हणाले.

"जगनला येऊ दे."

"कशाला आता त्याला?"

"मी वर गेल्यावर घर कोण बघंल?"

ते अगदी खरं होतं.

काका आला, डोकं पुसत, गणपतीचा पाट काखेत. तिला बघून दारातच थांबला.

"ताय, तो माजा..."

"बस," आत्या म्हणाली. मोठ्यानं नाही, चिडून नाही. भाकरी थापायला बसतात तसं बसून, सरळ.

काका बसला. दुसरा रिमोट घेतला, आणि त्याचा अंगठा तिथे नसलेलं बटण शोधायला लागला. आत्यानं स्टार्ट दाबलं.

पिवळा टँक वर निघाला. आत्याला गोळी मारायची घाई नव्हती, विटा फोडत, वळणं घेत ती चालली होती. ती अर्ध्यावर पोचली असेल, तोवर खाली काकाची चुळबूळ सुरू झाली. तो घरापाशी थांबेचना. थोडा पुढे जायचा, परत यायचा, उगाच गोळ्या झाडायचा. एक शत्रू डावीकडून आला, काका गडबडून वळला आणि त्याचीच गोळी विटांतून आरपार पक्ष्याला लागली. खेळ खलास.

"हात्तिच्या." काका रिमोटकडे बघत राहिला. "हे काय काम हाय? नुसतं उभं राहून जीव जातो."

बाबा मागे येऊन उभे राहिले होते, ते हसले. आत्या हसली नाही. तिनं फक्त काकाकडे बघितलं, आणि तो खाली बघायला लागला.

"परत," ती म्हणाली.

दुसरा खेळ सुरू होतोय तोच जीपचा हॉर्न वाजला. आतोबा आत आले, दाराशी चपला काढल्या. एरवी ते आले की घर उठून उभं राहतं, आणि सगळ्यांत आधी आत्या.

"झाली काय तयारी? नवशाला परत टोकावड्याचं भाडं हाय," आतोबा म्हणाले.

आत्याची नजर टीव्हीवर. "बसा जरा."

"अगो, टाइम..."

"बसा. चा करतायत."

चहा कुणीच करत नव्हतं. आई घाईनं आत गेली. आतोबांनी एकदा बाबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. माझ्या जिभेवर पन्नास वाक्यं आली होती. मी ओठ दाताखाली धरले.

काका आता मान खाली घालून, अगदी विटांना चिकटून उभा होता. इकडे नाही, तिकडे नाही. आत्या वर चालली होती. पाण्याला वळसा घालून, झुडपांतून, शेवटची विटांची रांग फोडून पार वर. टीव्हीच्या अगदी काठाला लागून तिचा टँक थांबला. आणि त्याच्या शेजारीच चांदणी लुकलुकली. तिच्यातून एक टँक निघाला, आत्याच्या अंगाला घासून वळला आणि खाली निघाला.

"ताय, मार त्याला," काका हळूच म्हणाला, "खाली येतोय तो."

"येऊ दे. तू हायस नं."

काकानं मान डोलावली आणि रिमोट घट्ट धरला. खाली गोळ्यांचा आवाज सुरू झाला. वर दुसरी चांदणी लुकलुकायला लागली. आत्या तिच्याकडे बघत होती. तिचा अंगठा स्थिर होता, तीन दिवसांत पहिल्यांदा.

"खरंच काय नाय गो इथं," ती मला म्हणाली.

आणि तिथून हलली नाही.

बाहेर पुन्हा हॉर्न वाजला, ह्या वेळी लांबलचक. आतोबा दारापर्यंत गेले. तिथे आत्याची पिशवी ठेवलेली होती, अळूची पानं वर डोकावत होती. त्यांनी ती उचलली. आता निघतात, असं मला वाटलं. पण त्यांनी रस्त्याकडे बघून हातानं थांब अशी खूण केली, आणि उंबऱ्यापाशी पिशवी मांडीवर घेऊन बसले.